कडेचे तुकडे

डॉक्टर कल्याण गर्जे यांचा स्वतःच्या डोळ्यांवर भारी विश्वास. सावेडीतल्या त्यांच्या लॅबमध्ये गाठीचा तुकडा तपासायला आला, की मायक्रोस्कोपमध्ये एकदा डोकवायचं, निदान सांगायचं आणि चहा मागवायचा. बावीस वर्षांत चुका झाल्याच नव्हत्या असं नाही. पण त्या बाबतीत त्यांची स्मरणशक्ती फार समजूतदार होती.

त्या आठवड्यात बिभीषण नावाच्या ऊसतोड कामगाराच्या मांडीतल्या गाठीचा तुकडा आला. गाठ महिन्याभरात वाढलेली. सोबतच्या कागदावर 'पूर्वी मार लागला होता का?' यापुढची जागा कोरी. डॉक्टरांनी स्लाइड पाहिली आणि सरसावून बसले. पेशी नुसत्या माजलेल्या, एकीचा दुसरीला मेळ नाही. दुर्मिळ कॅन्सर! पुण्याच्या परिषदेत आपण यावर व्याख्यान देतोय, हे त्यांना दिसायलाही लागलं. सूट कोणता घालायचा तेही ठरलं. पेशंटचा पाय मांडीपासून काढावा लागेल, हे त्यांना सुटानंतर आठवलं. लाज वाटली, पण फार वेळ नाही.

"सर," विजयमालाबाई म्हणाल्या. मेणात बसवलेल्या तुकड्यांचे पातळ काप काढायचं काम त्या लॅब उघडली तेव्हापासून करत होत्या. "मधला भाग लोण्यासारखा कापला गेला. कडेचे तुकडे मात्र कचकच लागले, पात्याला दात पडले. मऊ व्हायला ते ॲसिडमध्ये ठेवलेत."

"पात्याचं रडगाणं नको, बाई. असा कॅन्सर हाडही तयार करतो. फेकून द्या ते."

रिपोर्ट टाइप झाला, सही तेवढी राहिली. तेवढ्यात बिभीषणची बायको सविता तो न्यायला आली. वाईट बातमीसाठी डॉक्टरांचा एक खास आवाज होता. तो काढून त्यांनी विचारायचं म्हणून विचारलं, "गाठ कधी दिसली?"

"कोपीवर, आमच्या झोपडीपाशी, बैलानं लाथ मारली, त्याच्या मागून आठ-पंधरा दिसांनी. सायेब, पाय ऱ्हाईल ना वो? मोठे डाक्टर म्हनले, तुमचा कागद आला की पायाचं ठरवू."

"बैलानं लाथ मारली?"

"व्हय. लई जोरात. तितं बी सांगितलं, पर कुनी लिवलंच न्हाई."

डॉक्टरांनी सहीचं पेन खाली ठेवलं. जबर मार बसलेल्या स्नायूत कधी कधी हाड धरतं. तिथल्या मधल्या पेशी कॅन्सरचं हुबेहूब सोंग घेतात. पण कॅन्सरमधलं हाड कुठंही, कसंही उगवतं. इथलं मात्र कडेनं, शिस्तीत. हे ते दरवर्षी विद्यार्थ्यांना मोठ्या रुबाबात शिकवत. आणि कड तर त्यांनीच फेकायला सांगितली होती.

सविताला उद्या यायला सांगून ते आत धावले. "बाई, ते तुकडे..."

"आहेत, सर. तुम्ही रागात सांगितलेलं मी दोन दिवस करतच नाही."

दुसऱ्या दिवशी नव्या स्लाइडवर हाड कडेकडेनं बसलेलं होतं, शेताला बांध घालावा तसं. डॉक्टरांनी तीनदा पाहिलं. चहाची आठवणही झाली नाही.

सविता आली. "कॅन्सर नाही," ते म्हणाले. "पाय राहणार. हा हंगाम मात्र आराम." ती उभ्या जागी रडायला लागली. डॉक्टर इथंच थांबले असते तर कुणाला काही कळलं नसतं. तसा मोहही झाला. पण काल रात्रभर त्यांना झोप नव्हती.

"मी चुकलो होतो," ते म्हणाले. "या बाईंच्या हाताला जे कळलं, ते माझ्या डोळ्यांना कळलं नाही. तुकडे यांनी जपून ठेवले."

सविता पदर सावरून वाकली. "असू द्या, असू द्या," म्हणत डॉक्टरांनी सवयीनं पाय मागे घेतले. ती त्यांना वळसा घालून विजयमालाबाईंच्या पाया पडत होती. डॉक्टरांचा हात आशीर्वादाला अर्धा वर गेलेला. तो नुसता खाली कसा आणायचा, म्हणून त्यांनी टेबलावरचा कालचा रिपोर्ट उचलला आणि फाडून टाकला.