दुधाळ पाणी

मामीला पाण्याची भीती होती आणि घरात त्या भीतीची यथेच्छ थट्टा व्हायची. बादली काठोकाठ भरली तरी हिला धाप लागते, असं तिचा नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. तशी ती भित्री मुळीच नव्हती. पडदे शिवायचं तिचं दुकान होतं. लोकांच्या उंच खिडक्यांना पडदे लावायला ती शिडीच्या शेवटच्या पायरीवर बिनधास्त उभी राहायची. पण खोल पाणी दिसलं की ती चार पावलं मागे सरायची. कधीपासून आणि कशामुळे, हे तिलाही सांगता आलं नसतं.

तरीही शनिवार दुपार ती तरणतलावावर काढायची, ती नणंदेपायी. नणंदेचे केस पिकायला लागले होते, पण घरात तिला अजून सगळे बेबीच म्हणत. बेबीची कंबर धरली होती आणि डॉक्टरांनी तिला पाण्यातले व्यायाम सांगितले होते. क्रीडा केंद्रात शनिवारी दुपारी तलावाच्या मधोमध आडवी दोरी बांधत. दोरीपलीकडे खोल बाजूला मोठ्यांचा व्यायामाचा वर्ग चाले आणि अलीकडे उथळ बाजूला सहकुटुंब पोहणाऱ्यांची झुंबड. बेबी पलीकडे हातपाय हलवायची. तिची सहा वर्षांची चिंगी अलीकडे पाणी उडवत बसायची, दंडांत हवेचे फुगे घालून. चिंगीवर लक्ष ठेवायचं काम मामीचं. ती काठावर बसून फक्त पावलं पाण्यात सोडायची. तेवढं धैर्य तिनं महिन्याभरात कमावलं होतं.

त्या शनिवारी पाणी जरा विचित्र दिसत होतं. दुधात पाणी घालावं तसं पांढुरकं. तलावाच्या रखवालीला एक धिप्पाड बाई असत, गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीवाल्या बाई म्हणत. पाण्यात औषध टाकलंय, तासाभरात निवळेल, असं त्या विचारणाऱ्यांना सांगत होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांनाही ते पसंत नसावं असं दिसत होतं. गुडघ्याखालचं काही दिसत नव्हतं.

मामीचा फोन वाजला. नवरा विचारत होता, कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस. तिनं सांगितलं, त्याला सापडेना, तिनं पुन्हा सांगितलं. तेवढ्यात एका पोरानं उडी मारली, तिच्या अंगावर पाणी उडालं, तिनं फोन पुसला. मान वर केली तेव्हा चिंगी नव्हती.

आधी तिला काही वाटलं नाही. असेल कुठेतरी त्या गर्दीत. चिंगीची टोपी लाल होती, पण लाल टोप्या चारपाच पोरांच्या होत्या. तिनं एकेक चेहरा पाहिला. मग तिची नजर काठावर गेली. तिथं चिंगीचे दोन्ही दंडाचे फुगे पडले होते. फुगवलेले, ओले, एकमेकांशेजारी नीट ठेवल्यासारखे.

मामी उठली. तिनं चिंगीला दोनदा हाक मारली. शिट्टीवाल्या बाईंना तिनं दंडाला धरलं आणि काठावरचे फुगे उचलून दाखवले. बाईंनी काही विचारलं नाही. लांबलचक शिट्टी वाजली, व्यायामाच्या वर्गाचं संगीत बंद झालं, आणि सगळ्यांनी ताबडतोब पाण्याबाहेर या असा पुकारा झाला.

पाणी रिकामं झालं. ते तसं रिकामं पाहणं मामीला सगळ्यात भयंकर वाटलं. इतका वेळ त्यात माणसं होती म्हणून तो तलाव होता. आता नुसतं एक पांढरं, हलतं काहीतरी होतं आणि त्याच्या पोटात काय आहे ते कोणालाच दिसत नव्हतं. बेबी धावत आली. कंबरेचा तरंगायचा पट्टा तसाच होता. तिनं मामीच्या हातातले फुगे पाहिले आणि जागच्या जागी थिजली. ती ओरडली असती, हात उगारला असता, तर मामीला बरं वाटलं असतं.

कोणीतरी कपडे बदलायच्या खोल्यांकडे पळालं, कोणी फाटकाकडे. शिट्टीवाल्या बाईंनी मोठ्या माणसांना उथळ बाजूला बोलावलं. एका ओळीत उभे राहा, त्या म्हणाल्या, शेजारच्याच्या दंडात दंड अडकवा, पावलं उचलू नका, तळावर घासत पुढे सरका. पायाला काहीही लागलं तरी थांबा आणि ओरडा. पोहता येणाऱ्या दोघांना त्यांनी खोल बाजूला बुडी मारायला पाठवलं.

माणसं उतरली. अनोळखी बाया, पुरुष, एक पोट सुटलेले आजोबा, नुकतं लग्न झालेलं एक जोडपं. कोणी कोणाला ओळखत नव्हतं आणि सगळ्यांनी एकमेकांचे दंड धरले होते. बेबी पायरीवर आली आणि तिथंच अडली. लहानपणापासून पोहणारी बाई, पण तिचा पाय पाण्यात पडेना. पायाला काय लागेल, या विचारानं तिनं पायरीचा कठडा धरून ठेवला.

"वहिनी, मला नाही जमणार," ती म्हणाली.

मामीनं तिचा दंड आपल्या दंडात घट्ट अडकवला आणि ती पाण्यात उतरली. अंगावर साडी होती, ती फुगून वर आली, तिनं ती मांड्यांत दाबली. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. रांग सरकू लागली. पायाखाली गुळगुळीत फरशी, तिचे सांधे, पुन्हा फरशी. प्रत्येक वेळी पाऊल पुढे घासताना मामी मनात म्हणत होती, इथं नको, इथं नको. सापडावी असं वाटत होतं आणि आपल्या पायाला सापडू नये असंही वाटत होतं, आणि त्या दुसऱ्या इच्छेची तिला लाज वाटत होती. बेबीची नखं तिच्या दंडात रुतली होती.

पाणी छातीला लागलं. श्वास आखूड झाला. आता एक पाऊल पुढे गेलं तर आपण जाणार, अशी तिची खात्रीच झाली, आणि ती ते पाऊल पुढे सरकवत राहिली. दोरी हातभर उरली असताना तिच्या उजव्या पावलाला काहीतरी लागलं.

मऊ होतं. तिनं पाऊल मागे घेतलं नाही. ती ओरडली.

शिट्टीवाल्या बाईंनी सूर मारला आणि क्षणभर त्या दिसेनाशा झाल्या. मामीनं डोळे मिटून घेतले. बेबीच्या तोंडून एक बारीक, लांब आवाज निघत होता. मग पाणी फुटलं आणि कोणीतरी म्हणालं, अरे, हा तर मोठा माणूस आहे.

सत्तरीचा एक गृहस्थ होता. निळसर चेहरा, डोळे अर्धवट उघडे. चारपाच जणांनी त्याला काठावर घेतलं. बाई त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी दाबू लागल्या, मध्येच त्याच्या तोंडात फुंकत. हे कोणाबरोबर आहेत, असं त्यांनी दाबता दाबता ओरडून विचारलं. कोणीच पुढे आलं नाही. तो एकटा आला होता. तो नाहीसा झाल्याचं कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

मामीला त्याच्याकडे बघवत नव्हतं. तिच्या लेखी चिंगी अजून पाण्यातच होती. ती रांगेकडे वळली आणि पुढे चला, असं लोकांना सांगू लागली, पण रांग मोडली होती, सगळे काठाकडे पाहत होते.

तेवढ्यात दारातून एक बाई आली. पलीकडच्या दालनात वयस्कांचा नाचाचा वर्ग चालतो, तिथली ती शिक्षिका. तिच्या बोटाला धरून चिंगी. टॉवेल गुंडाळलेली, लाल टोपी तशीच डोक्यावर. फुगे टोचत होते म्हणून काढून ठेवले, आणि गाणं ऐकू आलं म्हणून मागच्या रांगेत जाऊन आज्यांबरोबर नाचत होती. बाहेरचा गोंधळ कानावर पडल्यावर शिक्षिकेला शंका आली.

बेबी पाण्यातून कशी बाहेर आली ते तिलाही आठवत नाही. तिनं पोरीला आधी एक चापट मारली, मग छातीशी धरलं. मामी मात्र पाण्यातच उभी राहिली, छातीभर, कारण तिचे पायच हलेनात. शेवटी त्या पोट सुटलेल्या आजोबांनी तिला हात धरून बाहेर आणलं. त्याच वेळी काठावरचा माणूस खोकला, ओकला, आणि त्यानं श्वास घेतला.

भीती मात्र तिथं संपली नाही. उलट घरी गेल्यावर ती नव्या तोंडानं आली. शिक्षिका जरा आधी आली असती तर? चिंगी सापडली म्हणून लोक हसत हसत पुन्हा पाण्यात उतरले असते, आणि तो तळाशी पडलेला असता, त्यांच्या पायांखाली. किंवा शिट्टी झाल्यावर बाहेर पडायच्या रेटारेटीतच तो पडला असेल, म्हणजे आपल्यामुळेच. मामीनं हे नवऱ्याला बोलून दाखवलं. तो यावेळी थट्टा करू शकला नाही.

चार दिवसांनी मामी आणि बेबी त्या गृहस्थाला भेटायला दवाखान्यात गेल्या. तो निवृत्त चष्मेवाला होता, एकटाच राहायचा. मुलगी परदेशातून निघाली होती, अजून पोचायची होती. मामीनं आल्याआल्या, खुर्चीवर बसायच्याही आधी, विचारून टाकलं, शिट्टी झाली तेव्हा तुम्ही कुठे होता. शिट्टी त्याला आठवतच नव्हती. दोरी धरून उभा होतो, छातीत कसंतरी झालं, आजूबाजूला पोरं खिदळत होती, एवढंच तो म्हणाला.

पोरं खिदळत होती. म्हणजे शिट्टीच्या आधी. मामी खुर्चीत बसली.

त्यानं तिला विचारलं, तुम्ही नेहमी पोहायला येता का. आपल्याला पोहता येत नाही, असं तिनं सांगितलं. पाण्याची भीती वाटते.

"मग उतरलात कशा?" तो म्हणाला.

बेबी खिडकीकडे पाहत होती. तिथूनच ती बोलली.

"मी उतरत नव्हते. हिनं मला ओढून नेलं."

इतक्या दिवसांत त्या दुपारबद्दल बेबी पहिल्यांदाच काही बोलली होती. मग परिचारिका आली, भेटायची वेळ संपल्याचं सांगितलं. चष्मेवाल्यानं, जमलं तर उद्या याल का, असं संकोचानं विचारलं. मुलगी येईपर्यंत तरी. मामी येते म्हणाली. बाहेरच्या लांब, फिनाइलच्या वासाच्या व्हरांड्यातून चालताना बेबीनं तिच्या दंडात दंड अडकवला, आणि रस्त्यावर आल्यावरही सोडला नाही.