तिसरी ओरिंग

"ही टेप कोणत्या गाढवानं गुंडाळली?"

मामांनी विचारलं खरं, पण उत्तर हवं होतं म्हणून नव्हे. उत्तर समोरच उभं होतं. चष्मा डोळ्यांवर नाही तर कपाळावर, कोरे करकरीत हातमोजे मागच्या खिशात. हा गाडीचा मालक. गॅरेजमधले सगळे त्याला पाठीमागे 'युवराज' म्हणत. मामा तोंडावर म्हणत, आणि त्याला वाटे, कौतुकानं म्हणतात.

"मीच," युवराज म्हणाले. "लीक व्हायला नको म्हणून. व्हिडिओत होतं तसं."

"व्हिडिओत!" मामांनी पेट्रोलच्या पाइपाच्या त्या निळ्या-तांबड्या फिटिंगवरची पांढरी टेप नखानं उचकटली आणि मेलेलं झुरळ धरावं तशी चिमटीत धरली. "अरे, ही नळाला लावतात. न्हाणीघरातल्या! इथं शंकूवर शंकू बसतो, धातूवर धातू. मध्ये ही आली की तुकडा सुटणार, वाहत जाऊन इंजेक्टरच्या तोंडात बसणार, आणि भर वळणावर गाडी उचक्या देणार. मग कर व्हिडिओ."

ती गाडी म्हणजे एक प्रकरणच होतं. मागची सीट काढलेली, गालिचा काढलेला, दारांची अस्तरं काढलेली. आत नुसता पत्रा, लोखंडी पिंजरा आणि एक खुर्ची. ती रस्त्यासाठी नव्हती, शर्यतीच्या ट्रॅकसाठी होती. जिथून निघायचं तिथंच परत यायचं, आणि तेही घाईघाईनं! मामांना या खेळाबद्दल जेवढा तिटकारा होता तेवढा फक्त एकाच गोष्टीबद्दल होता, तो खेळ खेळणाऱ्यांबद्दल.

काम मात्र खरं होतं. युवराजांनी मागे मोठा पंप बसवून घेतला होता. आता त्या पंपाचा जोर पेलायला टाकीपासून इंजिनापर्यंतचे जुने रबरी पाइप काढून स्टीलच्या जाळीचे घालायचे होते. शिवाय इंजिनावरची फ्युएल रेल, म्हणजे चारही इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी, तीही जुनी बारकी काढून नवी जाडजूड बसवायची होती. पेट्रोल फवारणारे चार इंजेक्टर, प्रत्येकाच्या डोक्यावर एक रबरी कडी. तिला गॅरेजात ओरिंग म्हणतात. तेवढ्याशा कडीवर सगळा भरवसा. ती फाटली तर पेट्रोल तापलेल्या इंजिनावर, आणि पुढचं सांगायला नको.

"होईल ना उद्या सकाळपर्यंत?" युवराजांनी विचारलं. "ट्रॅक दहाला उघडतो. पहिली फेरी ताई मारते."

"तू नाही?"

"मी लाइन बघतो बाहेरून, ती वळणं कशी घेते ती."

"हो, बाहेरून सगळ्यांनाच दिसतं," मामा म्हणाले.

ताई म्हणजे युवराजांची थोरली बहीण. दातांची डॉक्टर. ती टायरच्या ढिगावर बसून मुकाट्यानं सगळं ऐकत होती. भाऊ बोलायचा आणि बहीण चालवायची, अशी त्या घरातली कामाची वाटणी होती. मामांनी तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि 'दात उपटणारी गाडी काय चालवणार' असं मनातल्या मनात निकालात काढलं.

मामांचं हे असंच. अडतीस वर्षांत त्यांना आवडलेलं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं होतं. गॅरेज त्यांच्या बहिणीच्या मुलाचं, म्हणून ते मामा. आणि भाच्याचे मामा म्हणून साऱ्या गावाचे मामा. भाच्याला पान्याचे नंबर धड पाठ नव्हते, पण दुकानदारी पाठ होती. भिंतीवर त्यानं मामांचा हा मोठा फोटो लावला होता. बॉनेट उघडं, मामा वाकलेले, डोळे मिटलेले, नाक इंजिनावर. खाली अक्षरं: 'मामांनी हुंगल्याशिवाय चावी मिळणार नाही.'

आणि ते खोटं नव्हतं. मामा दारातून आत येता येता सांगायचे, "त्या पांढऱ्या गाडीच्या परतीच्या पेट्रोल पाइपाची क्लिप ढिली आहे." जाऊन बघावं तर ढिली! पंप चालू करायचा, मामांनी एकदा हुंगायचं आणि म्हणायचं, "कोरडं." मग चावी. लोक फोन काढून शूटिंग करायचे. मामा वरवर चिडायचे आणि आतून फुलायचे.

फक्त आठ महिन्यांपूर्वी एक साधा ताप आला आणि जाताना मामांचं नाक घेऊन गेला.

मामींना कळलं ते दूध करपल्यावर. साऱ्या घरात धूर, आणि मामा गॅसशेजारीच पेपर वाचत बसलेले. मामींनी पातेलं उतरवलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत पांढऱ्या टिपकागदाचे तुकडे घातले. "प्रत्येक जोडाभोवती फिरवा," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून मामा सगळ्यांच्या आधी शटर उघडायचे, पंप लावायचे, जोडाजोडावर कागद फिरवायचे. कागद कोरडा निघाला की तुकडे खिशात. मग दहा वाजता गिऱ्हाइकासमोर वाकायचं, डोळे मिटायचे, आणि मेलेलं नाक फुलवून म्हणायचं, "कोरडं."

तर त्या दिवशी दुपारभर मामांनी काम केलं आणि युवराजांनी ते पाहिलं. म्हणजे डोकं वर काढायची सोय नाही.

"मामा, पाइप असा कापतात?"

"नाही, दातांनी कुरतडतात. बहिणीला विचार."

कापलेल्या पाइपातला लोखंडाचा चुरा मामांनी दोनदा धुऊन काढला. फिटिंगा उघडून टेपचा कण न कण साफ केला. मग इंजेक्टर. मामांची जन्माची सवय: बसवण्याआधी प्रत्येक ओरिंगला बोटानं स्वच्छ तेलाचा एक थेंब. कोरडी ओरिंग दाबली की कडेला कातरली जाते, वरून दिसतही नाही. पहिली, थेंब. दुसरी, थेंब.

"पण मामा, टेप चांगल्या कंपनीची होती हं," युवराज म्हणाले.

मामांचा हात थांबला. असलं वाक्य ते सोडतील? "चांगल्या कंपनीची! उद्या चांगल्या कंपनीचं बूच आणून सायलेन्सरला लावशील! अरे, तुझ्या आजोबांनी बैल धुतले असतील, पण शेपटीला टेप नसेल गुंडाळली!" भाचा हसला, पंक्चरवाला हसला, ताईसुद्धा हसली. मामा रंगात आले. त्याच रंगात तिसरी बसली, चौथी बसली, रेल आवळली गेली.

दुसऱ्या दिवशी मामा नेहमीसारखे सातला पोचले, खिशात कागद घेऊन. शटरसमोर युवराज उभे! सोबत तीन मित्र, तिपाई, कॅमेरा.

"मामा, आज तुमचं नाक सगळी दुनिया बघणार!"

"दुनियेला दुसरी कामं नाहीत वाटतं?" मामा म्हणाले. त्यांनी युवराजांना चहाला पाठवून पाहिलं, मित्र थांबले. मित्रांना पाठवून पाहिलं; कॅमेरेवाला म्हणाला, "मी चहा घेत नाही." मामांनी आयुष्यात प्रथमच चहा न पिणाऱ्या माणसाचा मनापासून द्वेष केला. खिशातला कागद खिशातच राहिला. ज्याच्या नाकाचा फोटो भिंतीवर आहे, त्यानं चारचौघांत टिपकागद काढायचा?

नऊला भाचा आला, ताई आली. पंप घरघरला. मामा वाकले, डोळे मिटले. समोर नुसती पोकळी. पेट्रोल नाही, ऑइल नाही, काही नाही. जणू इंजिनाच्या जागी भिंत होती.

"कोरडं," मामा म्हणाले.

टाळ्या पडल्या. ताई हेल्मेट काखेत धरून पुढे आली आणि थबकली. "मामा, मला पेट्रोलचा वास येतोय थोडा."

"नव्या पाइपाला असतो वास," मामा म्हणाले. शब्द तोंडातच तयार होते. "दिवसभर लवंगतेलात राहणाऱ्यांना काय कळणार!"

सगळे खो खो हसले. युवराज सगळ्यांत मोठ्यानं. "ताई, तू दात बघ!"

तिला राग यायला हवा होता. मामांची तीच अपेक्षा होती. राग आला असता तर ती भांडली असती, अडून बसली असती, आणि भांडणात मामा कधी हरले नव्हते. पण ती साधेपणानं म्हणाली, "तुम्ही म्हणताय ना, मग झालं." आणि पिंजऱ्यातून पाय आत टाकून खुर्चीत बसली. एक पट्टा आवळला, दुसरा आवळला. हेल्मेट घातलं. गाडी अजून दारातच होती आणि ती मात्र पुरती बांधली गेली होती. त्या पाच पट्ट्यांतून झटक्यात बाहेर पडणं कुणालाच जमलं नसतं.

मामांनी ते पट्टे पाहिले. मग त्यांना आपलं बोट दिसलं. पहिली, थेंब. दुसरी, थेंब. तिसरी... तिसरीला बैलाची शेपटी होती.

तिनं स्टार्टरकडे हात नेला. मामा पुढे झाले, उघड्या खिडकीतून हात घातला आणि बॅटरीचा मुख्य खटकाच फिरवला. सगळं बंद.

"उतर."

"काय झालं?"

"उतर म्हणतो ना, बाई!"

ती उतरून लांब उभी राहीपर्यंत मामा जागचे हलले नाहीत. मग खटका पुन्हा लावला, नुसता पंप चालू केला, खिशातून पांढरा कागद काढला. कॅमेरा चालूच होता. पहिल्या इंजेक्टरभोवती कागद फिरवला, कोरडा. दुसऱ्याभोवती, कोरडा. तिसऱ्याभोवती फिरवला आणि काढून वर धरला. कडेला नखाएवढा ओला डाग होता.

"पण तुम्ही तर हुंगलंत," युवराज म्हणाले.

"मला वास येत नाही," मामा म्हणाले. "आठ महिने झाले."

भाच्यानं आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे, आणि सगळ्यांत शेवटी मामांकडे. "मामा, काहीतरीच काय बोलता?" मग युवराजांकडे वळून, "चेष्टा करतायत हो ते, कायम चेष्टाच..."

"गप्प बस. पंप बंद कर."

"म्हणजे आम्हाला सरळ मूर्ख बनवलंत!" युवराज ओरडले. "आणि मला टेपवरून काय काय बोललात! स्वतः काय केलंत हे?"

दाब उतरवताना उडणारं पेट्रोल टिपायचं फडकं बेंचवर पडलं होतं, ते मामांनी उचललं. रेल सोडवली. तिसरी ओरिंग बाहेर आली. कडेला बारीकशी कातरलेली, टाळूला चिकटलेल्या बडीशेपेच्या सालीएवढी. ती तळहातावर घेऊन त्यांनी युवराजांसमोर धरली.

"तेल लावायचं राहिलं. तुझी खोड काढत होतो, त्यात." आणि नाइलाजानं पुढे म्हणाले, "टेप तू भीतीनं लावलीस. हे मी माजानं केलं."

कुणी माफी मागितली की कसं वागायचं, याचा व्हिडिओ युवराजांनी पाहिलेला नव्हता.

चारही ओरिंगा नव्या घातल्या. प्रत्येकीला थेंब, मोठ्यानं मोजून. मग पंप. मामांनी कागद ताईच्या हातात दिला. "तू फिरव. चारही ठिकाणी. आणि वासही तूच घे."

तिनं फिरवला, वाकली, वेळ घेतला. मामा तिच्या चेहऱ्याकडे असे पाहत होते, जसे इतकी वर्षं लोक त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत आले होते.

"कोरडं," ती म्हणाली. आणि पट्टे बांधताना, "मामा, लवंगतेल आम्ही आता फारसं वापरत नाही."

"वापरत जा," मामा म्हणाले. "स्वस्त असतं."

गाडी गेली. भाचा स्टुलावर चढून भिंतीवरचा फोटो उतरवू लागला. खिळा तेवढा राहिला. मामांनी त्यावर टिपकागदाचा गठ्ठा अडकवला आणि पुढची गाडी आत घेतली.

संध्याकाळी घरी त्यांनी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, आणि सवयीनं बोटं नाकाशी नेली. मग ती खाली घेऊन मामींपुढे धरली.

"येतोय का?"

मामींनी हातातलं काम ठेवलं, बोटं हुंगली आणि तोंड वाकडं केलं.

"येतोय की. अडतीस वर्षं झाली, शी!"

मामा तिथंच उभे राहिले, हात पुढे करून.

"कसा येतोय? सांग जरा."