बिजलीबाईचा उजवा हात

सिस्टर विमलताईंच्या वॉर्डात डॉक्टर सोडले तर पुरुषांना मज्जाव होता, मग तो नवरा असो नाहीतर नगरसेवक. बायांच्या वॉर्डात बाप्यांचं काय काम, असं त्या म्हणत, आणि उलट बोलायची कोणाची टाप नव्हती. यवतमाळच्या त्या दवाखान्यात डॉक्टर बदलून येत-जात, विमलताई जागच्या हलत नसत.

नेरकडच्या बंजारा तांड्यावरून बिजलीबाईला तापानं फणफणलेली आणली, तेव्हा तिच्या नवऱ्यालाही दारातच अडवलं. उत्तमसिंग पांढऱ्या पिळदार मिशांचा, डोक्याला लाल पागोटं. हात जोडून तो म्हणाला, "ते जल्माची बहिरी हाये, बाई. बोलतबी नाही. मी जवळ असलो म्हंजे..."

"आम्ही हाओ ना इथं. तुम्ही बाहीर बसा, बाबा."

म्हातारा निमूटपणे अंगणातल्या कडुनिंबाखाली जाऊन बसला.

बिजलीबाईनं सलाईन उपटलं. विमलताईंनी पुन्हा लावलं, तिनं पुन्हा उपटलं. ताईंनी तिच्या कानाशी तोंड नेऊन चांगलं ओरडून समजावलं, जसं काही बहिरेपण म्हणजे हट्टच. तरी तिचे हात थांबेनात. शेवटी उजव्या हातात नवी सुई खुपसून त्यांनी दोन्ही हातांना बोटं झाकतील असं जाड बँडेज गुंडाळलं आणि पलंगाच्या दांड्यांना बांधून टाकलं. रागानं नाही बरं, तिच्याच भल्यासाठी. विमलताई वाईट नव्हत्या. बिजलीबाईचे केस त्यांनीच विंचरले, पेजही आपल्या हातानं भरवली. पण या बाईची जीभ तिच्या हातांत आहे, हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नाही. बिजलीबाई घशातून आवाज काढत राहिली. शेजारच्या बाया वैतागल्या. संध्याकाळपर्यंत तिचा आवाज बसला.

"झाली एकदाची शांत," विमलताई समाधानानं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कळंबहून तिची लेक बबिता आली. आईचे हात पाहिले आणि तिची पिशवी हातातून सुटली.

"तोंड बांधलं तुम्ही माह्या याडीचं!"

"आवाज खाली. तुझी माय सलाईन उपटून राह्यली होती."

"काहून उपटून राह्यली होती, ते इचारलं का कोणी तिले?"

बबितानं भराभरा गाठी सोडल्या. उजव्या हाताचं बँडेज निघालं. सुई शिरेतून निसटली होती, सगळं पाणी मांसात उतरत राहिलं होतं. बोटांपासून कोपराच्या वरपर्यंत हात टम्म सुजलेला, कातडी ताणून चकचकीत झालेली. दंडावर पांढऱ्या टणक बांगड्यांचा चुडा होता, कोपरापासून खांद्याकडे चढत गेलेला, आणि तो मांसात रुतून बसला होता. नखं निळी पडत चालली होती. आधीच्या सुयांनीही अशीच आग होत होती म्हणून ती त्या उपटत होती, दुसरं काही नाही. विमलताईंनी ओरडून डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर कपिल धावत आले. मनगटाची नाडी चाचपली, पुन्हा चाचपली.

"चुडा आत्ताच्या आत्ता कापा. हात जाईल नाहीतर."

"हात गेला तं मुकी होईन हो ते," बबिता रडकुंडीला आली.

प्लॅस्टर कापायचं मशीन आलं. तोवर बिजलीबाई स्वतःच हात पुढे करून दुखणं दाखवत होती. पण मशीन चुड्यापाशी गेलं मात्र, ती बसलेल्या घशानंच किंचाळली. हात छातीशी कवटाळला, पाय झाडले, जवळ येणाऱ्याला ढकलू लागली.

"धरा तिला! दोघीतिघी धरा," डॉक्टर ओरडले.

आया सरसावल्या. विमलताईंनी तर सवयीनं तिचे खांदे दाबलेही होते. हाताखाली ती म्हातारी लटलट कापत होती. ताईंनी हात काढून घेतले.

"थांबा."

"सिस्टर, वेळ नाहीये!"

"माहीत आहे, डॉक्टर. बबिता, इचार तिले, काय झालं."

बिजलीबाईचा मोकळा डावा हात ओठावर गेला, हवेत मिशीला पीळ दिल्यासारखा फिरला, मग पालथा पडला. पुन्हा तेच. बबिताचा चेहरा उतरला.

"काय म्हणते?"

"मिशीले पीळ म्हंजे माह्या बा. ते इचारते... बा कव्हा मेला?"

तांड्यातल्या बाईच्या दंडावरचा चुडा उतरतो तो नवरा गेल्यावरच. नवऱ्याला दारात अडवलेलं तिनं पाहिलं होतं, त्यानंतर तो दिसला नव्हता. विचारावं तर हात बांधलेले. आणि आता ही चार माणसं चुडा कापायला आली होती. तिनं दुसरा अर्थ लावायचा तरी कसा?

बबितानं खुणांनी सांगितलं, जिता आहे, बाहेर बसलाय. बिजलीबाईनं मान फिरवली. आजारी माणसाला असंच सांगतात, हे तिलाही ठाऊक होतं. डॉक्टर नखांकडे पाहत होते.

विमलताई पळाल्या. त्यांना पळताना त्या दवाखान्यात कोणी पाहिलं नव्हतं. कडुनिंबाखाली नुसतं घोंगडं पडलेलं. फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर लाल पागोटं दिसलं, तशा त्या रस्त्यातूनच ओरडल्या, "बाबा! चला लवकर, आत चला!"

"बायाइच्या वार्डात?"

"चला म्हणते ना!"

उत्तमसिंग आत शिरला तसे बायांनी पदर सावरले. बिजलीबाई त्याच्याकडे नुसती पाहत राहिली. तो वाकला, तेव्हा तिनं डाव्या हातानं त्याची मिशी धरून जोरात ओढली. म्हातारा कळवळला. मग त्यानं चुड्यावर बोट ठेवलं, कापल्याची खूण केली, नवा भरल्याची केली, आणि तिला ऐकू येत नाही हे विसरून बोललाही, "कापू दे वं. मी जिता हाये ना."

तिनं तोंड भिंतीकडे वळवलं आणि हात पुढे केला.

मशीन घरघरलं. चुड्याचे तुकडे चादरीवर पडत गेले, उत्तमसिंग ते एकेक वेचून पागोट्याच्या टोकात बांधत गेला. बऱ्याच वेळानं नखांवर लाली आली. "वाचला," डॉक्टर म्हणाले. विमलताई मागच्या न्हाणीघरात गेल्या, नळ सोडला आणि पोटभर रडल्या.

सकाळी त्या सलाईनचा ट्रे घेऊन आल्या, तेव्हा उत्तमसिंग पलंगाशी स्टुलावर बसला होता. स्टूल ताईंनीच दिलं होतं. बिजलीबाईनं त्यांना पाहिलं, सुजलेला उजवा हात सावकाश उचलला आणि डाव्या मनगटावर आडवा ठेवला, बांधल्यासारखा.

"नाही, नाही, बाई!" विमलताई घाबऱ्या झाल्या. "बबिता, सांग तिले, आता नाही बांधत कोणी."

बबितानं मान खाली घातली. "बांधू नका, असं नाही म्हणत ते, ताई. आमच्या घरी ज्याचं त्याचं नाव असते तिच्या हातात. तुमचं नाव हे ठेवलं तिनं."

बिजलीबाई वाट पाहत होती. विमलताईंनी ट्रे खाली ठेवला. आपलं एक मनगट दुसऱ्यावर आडवं ठेवलं आणि मान हलवली. हो, मीच.