जळक्या भिंतीवरची लाल पावलं

सीताबर्डीच्या मेन रोडवर त्या सकाळी टांगे अडकले होते. माणसं टांग्यातून उतरत होती, माझ्या दुकानापुढे चपला सोडत होती आणि शेजारच्या जळक्या दुकानात घुसत होती. माझं दुकान चष्म्यांचं. दिवसभरात एक चष्मा खपला नाही! खपणार कसा? न पाहताच सगळ्यांना सगळं दिसत होतं.

"लाल पावलं हायत गा! देवीची पावलं!"

"ओल्या चुन्यातून वर आली म्हणे, आपोआप!"

ते दुकान शालिकराम कोष्ट्याचं. उमरेडच्या मागावरची लुगडी तिथे विकली जायची. थंडीत शालिकरामनेच चहासाठी शेगडी पेटवली, ठिणगी गठ्ठ्यावर उडाली आणि दुकान गेलं. आमच्यामधली भिंत दोन्ही बाजूंनी काळीठिक्कर झाली. मी आळशी माणूस, माझी बाजू तशीच ठेवली. त्याने मात्र नवं छत चढवलं, फळ्या ठोकल्या. लग्नसराईआधी दुकान उघडायचं, एवढाच त्याला ध्यास. चुना मारायचा तेवढा राहिला होता.

तेवढ्यात चरणदास महाराज उगवले. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि उत्तरेकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीतून एक तरी महाराज उतरायचा. "यहाँ की अग्नि अभी शांत नहीं हुई, बच्चा," म्हणाले, आणि काळ्या भिंतीपुढे पडदा लावून दिवसभर एकटेच बसले. दुसऱ्या दिवशी नत्थूजी रंगाऱ्याने चुन्याचा कुंचला फिरवला, तर त्याच्या डोळ्यांदेखत चार तांबडी पावलं उमटली. नत्थूजीने बादलीच सोडून दिली.

"मैंने तो दीवार को छुआ तक नहीं!" महाराज गर्दीला सांगत होते. "माई को यहीं बैठना है. दुकान के आधे हिस्से में मंदिर बनेगा. और जिस औरत का सुहाग उजड़ गया, वो यहाँ पाँव नहीं रखेगी. आग उसी के कारण लगी!"

सगळ्यांच्या नजरा उत्तराकडे वळल्या.

उत्तरा ही शालिकरामची धाकटी बहीण, विधवा. शालिकराम गठ्ठे उचलायचा, पण दुकान चालवायची ती. बायका तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून लुगडं घेत नसत. आता सोमवारी तिला सासरच्या खेड्यात पोचवायचं ठरलं. तिथे तिच्यासाठी गोठ्याशेजारची खोली होती आणि जन्मभराचे टोमणे.

"दादा, शेगडी कोनं पेटवली होती?" तिने विचारलं.

"म्याच वं. पण माईपुढं आपलं काय चालते?"

मी मध्ये पडलो. "अरे शालिकराम, अक्कलही जळाली का तुझी?" तर लोकांनी मलाच नास्तिक म्हणून बाहेर काढलं. चरफडत बसलो होतो, तेवढ्यात मागच्या नळावरून उत्तरा आली. हातात ओलं उपरणं होतं.

"गणपतराव, हे पाहा. महाराजांचं उपरणं दादानं धुवाले देल्लं, तेच धुवून राहिली होती मी. साबण लागला अन् हे असं झालं."

उपरण्याच्या काठावर पाच बोटं उमटली होती. लालभडक!

"रक्त?" मी दचकलो.

"रक्त काहून असन? हळद आहे. हळदीचा डाग पिवळाच असते, साबण लागला का लाल होते. कोनत्याबी पोरीले माहीत आहे हे. पण महाराजांनी एवढी हळद कालवली कुठं?"

बोलता बोलता ती थांबली. मग एकदम हसली. आग लागल्यापासून मी तिला हसताना पाहिलंच नव्हतं.

"हळद अन् चुना! अवं माय, कुंकू असंच तं करतात! सासू घरीच करत होती. काळ्या भिंतीवर हळद दिसते थोडीच? वरून चुना मारला का झाली लाल!"

"मग पावलं पाहिली तेव्हाच का नाही सुचलं तुला?"

"भ्याली होती मी, गणपतराव. भ्यालेल्या माणसाले सैपाकघरातलं आठवते काय?"

मला त्या महाराजाची अशी चीड आली! पण उत्तरा म्हणाली, "चिडू नका. तुमची भिंत द्या. तीबी काळीच आहे ना?"

दुसऱ्या सकाळी मी रस्त्यावर उभा राहून ओरडलो, "माझ्या भिंतीतही देव प्रकटणार आहे हो! या, या!" गर्दी आली. महाराजही आले, दुसरी शाखा निघतेय असं वाटलं असावं बिचाऱ्यांना. नत्थूजीने "जय माई" म्हणत कुंचला फिरवला.

लाल रंग वर आला. एक मोठा गोल. शेजारी दुसरा गोल. मध्ये आडवी दांडी.

माणसं माना तिरक्या करून पाहू लागली. शेवटी पुढे उभी असलेली प्रयागबाई म्हणाली, "अवं, हा तं चष्मा व्हय!"

"बरोबर!" मी हात जोडले. "श्री चष्मेश्वर! काल संध्याकाळी आम्ही दोघांनी हळदीनं काढले, आत्ता चुन्यानं प्रकटले. बांधा माझ्याही दुकानात देऊळ!"

हशा पिकला. महाराज कडाडले, "पाखंड! ये नकली है! माई के चरण असली हैं!"

"असली आहेत?" उत्तरा सरळ शेजारच्या दुकानात शिरली. तिथे पाऊल ठेवायची तिला बंदी होती, पण अडवायचं कुणाला सुचलं नाही. तिने पूजेला ठेवलेलं लिंबू चिरलं आणि देवीच्या पावलावर पिळलं. लाल पाऊल बघता बघता पिवळं पडलं.

"काहून महाराज, तुमची माई लिंबाले भेते काय?"

मग तिने ते उपरणं उलगडून सगळ्यांपुढे धरलं. पाच बोटं सगळ्यांनी पाहिली. महाराजांनी चपलाही शोधल्या नाहीत. अनवाणीच स्टेशन गाठलं.

शालिकराम मान खाली घालून म्हणाला, "चुकलो वं उत्तरे. मंग सोमवारी..."

"सोमवारी दुकान उघडू, दादा. तू फकस्त शेगडीपासून दूर राह्य."

सोमवारी दुकान उघडलं. पहिलं लुगडं प्रयागबाईने घेतलं, उत्तराच्या हातून.

वाचकहो, त्या गर्दीतल्या प्रत्येक बाईने हळदीचे डाग धुतले होते. कुंकू कशाचं होतं, हे निम्म्या घरांना ठाऊक होतं. शिकवायला बाहेरून कुणी पंडित यावा लागला नाही. ठाऊक असलेलंच सगळ्यांनी चपलांबरोबर माझ्या दारात सोडलं होतं. देवळात जायचं तर जा, चपलाही काढा, पण अक्कल पायातली वस्तू नाही, ती आत घेऊन जा. आणि देवाच्या नावाने कुणी एखाद्या बाईकडे बोट दाखवू लागला, तर आधी त्याचीच बोटं साबणाने धुवून पाहा.