ड्वाइटचे बूट

ओपल ट्रास्कने दुकानात जाऊन मॅनेजरबाईकडून पार्किंगमध्ये रात्री गाडीतच मुक्काम करायची रीतसर परवानगी घेतली होती. "एकच रात्र," बाईने बजावलं, "पार्किंगच्या लांबच्या कडेला, दिव्याखाली. खुर्च्या, शेगडी, काहीही बाहेर मांडायचं नाही. तक्रार आली की गाडी हलवायची." ओपलने मान डोलावली. नुसतं फुकट राहणं बरं दिसत नाही म्हणून अंडी, पाव आणि कुत्र्याचं एक भलंमोठं भांडंही विकत घेतलं. कुत्रा तिच्याकडे नव्हता.

नवराही नव्हता. ड्वाइटला जाऊन तीन वर्षं झाली होती. ती पहाटे ओहायोहून निघून कॅम्पर, म्हणजे आतच राहायची सोय असलेली गाडी, एकटीच हाकत नेब्रास्कापर्यंत आली, तर मुलगा कर्बी फोनवर म्हणतो, "आई, पहिली रात्र एकटीने काढून दाखव. नाही जमलं तर परत ये, कॅम्पर विकून टाकू." विकून टाकू म्हणे! जशी काही रद्दीच!

चोरांना धाक बसावा म्हणून एकट्या बाईने दाराशी पुरुषाचे मोठाले बूट आणि कुत्र्याचं भांडं ठेवायचं, ही फिरस्त्यांची जुनी युक्ती. गॅरेजमधून आणलेले ड्वाइटचे बूट ओपलने भांड्यासकट दाराबाहेर मांडले. पाच मिनिटांत शेजारच्या कॅम्परमधला लाइल होस्टेटलर दत्त म्हणून हजर.

"बाई, बाहेर काही ठेवायचं नसतं. तुमच्यासारख्यांमुळेच दुकानं मुक्काम बंद करतात. सांगू का दुकानात जाऊन?"

ओपलने ठोकून दिलं, "नवऱ्याचे आहेत. फार तापट आहे तो."

"मग बोलवा त्याला."

आता आली का पंचाईत! ओपल आत गेली. पण एक्केचाळीस वर्षांच्या संसारातला सराव काही वाया जात नाही. "ड्वाइट, ऊठ! बूट आत घे! काय? चिखलाचे म्हणून मीच बाहेर काढले? हो, काढले! घर आहे की गोठा? आवाज चढवू नकोस, लोक ऐकताहेत!" भांडताना तिला इतकं बरं वाटलं की थांबवेना.

ती बाहेर आली तेव्हा लाइलच्या हातात एक बूट होता आणि पायाशी अक्रोडांचा सडा. गॅरेजमधल्या खारीने बूट ठासून भरला होता. चिखलाचा तर त्यावर ठिपकाही नव्हता. लाइलने भांड्यावरचं किमतीचं लेबल पाहिलं, ओपलचे ओले डोळे पाहिले. मग अक्रोड वेचले, बूट जागेवर ठेवला आणि दाराकडे तोंड करून ओरडला, "असू द्या साहेब! बूट म्हणजे काही खुर्ची नव्हे! पण बायकोचं ऐकत जा जरा!"

सकाळी लाइल निघून गेला होता. दोन्ही बूट ओल्या चिखलाने बरबटलेले, भांड्यात अर्धं पाणी आणि त्याखाली चिठ्ठी: "कोरड्या बुटांना कुणी भीत नाही. रोज भिजवत जा. अक्रोड मी नेले."

फोन वाजला. "आई, जमलं का गं एकटीने?"

"एकटी कुठली? तुझा बाप बघ, चिखलाचे बूट घेऊन आलाय मेला!" हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. फोन ठेवून तिने बूट उचलले आणि न पुसता थेट आतल्या गालिच्यावर नेऊन ठेवले. एक्केचाळीस वर्षं कुठल्याही गालिच्यावर तिने ड्वाइटला बूट घालून पाऊल टाकू दिलं नव्हतं.