जिवनबाईचा ढावलो

"सिस्टर आजी, पांढरंच हाय की समदं," शितल म्हणाली आणि लॅपटॉप माझ्याकडं वळवला.

मी चष्मा पुसून पाहिलं. पांढरंच होतं. एक अक्षर नाही, एक चित्र नाही. माझी आठ वर्षांची वेबसाइट धुतलेल्या पाटीसारखी कोरी झाली होती.

शितल पुढ्यात वही उघडून बसली होती. तिचं लग्न अकरा दिवसांवर आलं होतं आणि तिला तिच्या आजीचा, जिवनबाईचा, ढावलो उतरवून घ्यायचा होता. बंजारा तांड्यावरच्या लग्नात नवरी माहेरच्या एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत जे गाते, तो ढावलो. तो आपोआप येत नाही. पूर्वी लग्न ठरलं की म्हाताऱ्या बाया मुलीला घेऊन बसायच्या, महिना महिना शिकवायच्या. प्रत्येकीचा ढावलो वेगळा. जिवनबाईच्या ढावल्यात त्यांच्या तांड्याचा ओढा होता, वाकडी बाभळ होती, बापानं विकलेली म्हैस होती. आता लग्नात डीजे येतो, आणि नवरी फोटोग्राफर सांगेल तेव्हा डोळे पुसते.

"मामाकडच्या बाया हासल्या मला," शितल म्हणाली. "म्हने आताच्या पोरींला रडताबी येत न्हाई. मी म्हनलं, रडायचंच हाय तर बराबर रडीन. आजीसारखं."

"मग रडशील. थांब जरा," मी म्हणाले. पण सकाळी काय केलं ते मला आठवत होतं.

माझी साइट फुकटच्या सॉफ्टवेअरवर चालते. सेनगावातल्या दिपकनं त्याच्या दुकानात बसून ती उभी करून दिली आणि चालवायला मला शिकवली. मूळ सॉफ्टवेअर एकानं केलेलं, त्याला जोडायचे प्लगइन दुसऱ्या-तिसऱ्यांनी केलेले. गाणी वाजवायला एक प्लगइन, चित्रं दाखवायला एक, नको ती माणसं बाहेर ठेवायला एक. असे चौदा जमले होते. रोज सकाळी उघडलं की लाल गोलात आकडा दिसतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'नवीन आवृत्ती उपलब्ध आहे. कृपया अद्ययावत करा.' मी चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली. साखरा, सेनगाव, त्या बाजूचे सगळे तांडे, नर्स म्हणून पायाखाली घातले. वरून परिपत्रक आलं की पाळायचं, हे हाडात मुरलेलं. त्यात हे 'कृपया' म्हणतात. आरोग्य खात्यानं मला कधी कृपया म्हटलं नव्हतं. त्या सकाळी मी मूळ सॉफ्टवेअरसकट यादीतलं सगळं एकदम निवडलं आणि बटण दाबलं.

याआधीही असल्या चुका केल्या आहेत. सुरुवातीला माझ्या गाण्यांखाली इंग्रजीत अभिप्राय येत. 'फार उत्तम लेख, आमच्या स्वस्त गोळ्या पाहा.' कुणी परदेशी माणूस कौतुक करतो आहे असं वाटून मी प्रत्येकाला उत्तर लिहिलं, 'आभारी आहे. आपण कोणत्या गावचे?' तीनशे उत्तरं झाल्यावर दिपकनं पाहिलं आणि खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला.

पण तेव्हा हसण्यावारी गेलं. या वेळी तसं नव्हतं.

नोकरीत असताना खात्यानं मला एक टेपरेकॉर्डर दिला होता. कुटुंबनियोजनाच्या कॅसेट तांड्यावर वाजवायच्या. बाया ऐकायच्या, हसायच्या आणि म्हणायच्या, आता आमचं ऐक. मग त्याच कॅसेटवर उरलेल्या जागेत मी त्यांची गाणी भरून घ्यायचे. बाळंतिणीपाशी बसून, कळा लांबल्या की, चुलीपाशी. सरकारी मालाचा गैरवापरच तो. मला त्याची आजही लाज वाटत नाही. पुढं बऱ्याच कॅसेटना बुरशी लागली. ज्या वाचल्या त्या दिपकनं संगणकावर घेतल्या आणि साइटवर चढवल्या. त्याचा तो संगणक नंतर भंगारात गेला.

चार वर्षांपूर्वी जिवनबाई गेली. तिच्या चितेवर तिची माणसं काही ना काही ठेवत होती, कुणी साडी, कुणी तिची तंबाखूची पिशवी. माझ्याकडं द्यायला दुसरं काय होतं? मी तिची कॅसेट ठेवली. तिचा मुलगा देविदास, म्हणजे शितलचा बाप, तेव्हा माझा हात धरून म्हणाला होता, "सिस्टरबाई, ऱ्हाऊ द्या की. पुना आयकावं वाटलं तर?"

"साइटवर आहे रे. तिथून कुठं जातंय," मी म्हणाले होते.

दुपारी देविदास शितलला न्यायला आला. मी त्याला खरं ते सांगितलं. तो उंबऱ्यावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मंजे आता न्हाईच का?"

"आहे का नाही, तेच कळेना."

तो टोपी परत घालून उठला. "तुमीच म्हनल्या व्हत्या," एवढंच म्हणाला. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपनं मी दिपकच्या दुकानात गेले. त्यानं पाहिलं, मान हलवली.

"सिस्टर, काहून तरास करून घेऊन राहिल्या ह्या वयात? जुनं समदं उडवून देतो, नवी कोरी साइट टाकतो. झकास दिसंल."

"उडवून म्हणजे?"

"डिलीट."

"आणि गाणी?"

"बॅकअप हाय का?"

बॅकअप घेणारा एक प्लगइन माझ्या चौदांत होता. त्याच्यावर विसंबूनच मी निश्चिंत होते. दिपकनं त्याची माहिती वाचून दाखवली तेव्हा कळलं की फुकटात तो फक्त लिहिलेलं जपतो, आवाज जपत नाही.

"ढावलो तर यूट्यूबवर ढिगानं हायेत," दिपक म्हणाला. "एक डाउनलोड करून देऊ पोरीला?"

"तुझ्या लग्नात दुसऱ्याची आई आणून बसवली असती का रे?"

दुकानातलं गिऱ्हाईक हसलं. दिपकही हसला. "तसं न्हाई हो सिस्टर. पन फुकटातलं हाय, तक्रार कोनाकडं करता?"

रात्री पुण्याहून कोमलचा फोन आला. माझी मुलगी. तीही तेच. "आई, फुकटच्या गोष्टीत इतका जीव कशाला घालतेस?"

"तुला दूध पाजलं ते काय विकत होतं?" मी म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर वाईट वाटलं. पण बोलले ते बोलले.

हे सॉफ्टवेअर वापरणारे जगभरचे लोक एका पानावर एकमेकांना अडचणी विचारतात. दिवसभर बसून मी माझी अडचण इंग्रजीत लिहिली. औषधांच्या बाटल्या वाचून आलेलं इंग्रजी, पण समजण्यापुरतं असतं. पहिलं उत्तर आलं, 'फुकट वापरता, मग तक्रार करू नका.' मी लिहिलं, 'तक्रार करत नाही. रस्ता विचारते आहे. तुम्हाला माहीत नसेल तर बाजूला व्हा.' मग दुसऱ्या कुणीतरी लिहिलं, 'सगळे प्लगइन बंद करा. मग एकेक चालू करून बघा.'

ते वाचलं आणि मी मोठ्यानं म्हणाले, "हात्तेच्या! हे तर मला येतं."

एका उन्हाळ्यात जिवनबाईच्या तांड्यावर जुलाब-उलट्यांची साथ आली होती. पाणी भरायच्या पाच विहिरी. दोष कुठल्या पाण्यात ते कळेना. मी पाचही बंद करून ओढ्याचं पाणी उकळून प्यायला लावलं, आणि मग दर दोन दिवसांनी एक विहीर उघडली. पुरुष माणसं अंगावर आली. जिवनबाई विहिरीच्या काठावर विळा घेऊन बसली, म्हणाली, सिस्टर सांगंल तवाच दोर पडंल. चौथी विहीर उघडली आणि दुसऱ्याच दिवशी दोन लेकरं आजारी पडली. सापडली.

तसंच केलं. साइट जिथं ठेवलेली असते तिथं मागच्या दारानं जाता येतं. त्याचा पासवर्ड मी लसीकरणाच्या जुन्या वहीत लिहून ठेवला होता. आत चौदा प्लगइनांची चौदा कपाटं. प्रत्येकाचं नाव बदललं की ते बंद पडतं. चौदाही बदलली. साइट उघडली. उघडी-बोडकी, पण उघडली! मग एकेक नाव परत. एक, दोन, तीन. प्रत्येक वेळी देवाचं नाव न घेता बटण दाबलं, कारण देवाला यातलं काही कळत असेल असं वाटेना. नववा चालू केला आणि सगळं पुन्हा पांढरं.

तो गाणी वाजवणारा प्लगइन होता. त्याच्या पानावर लिहिलेलं होतं की करणाऱ्यानं सहा वर्षांपूर्वी त्याच्याकडं बघणं सोडलं आहे; बाकी सगळं नवं झालं आणि तो तेवढा जुनाच राहिला. फुकट करत होता, कंटाळला असेल. मला त्याचा राग आला. फुकट मीही केलं. रात्रीअपरात्री ज्या बाळंतपणाला गेले त्यातली निम्मी तर माझ्या हद्दीतली नव्हती. मी सोडलं का?

तो प्लगइन मी कायमचा बंद केला. साइट आली, पण गाण्यांच्या जागी नुसते चौकटी कंस आणि त्यात आकडे. गाणी खाली एका खोलीत पडलेली सापडली. दोनशे बारा. मला रडू आलं. आणि नावं पाहिली तेव्हा रडू पळालं. मी मोठ्या हौसेनं प्रत्येक गाण्याला मराठीत नाव दिलं होतं, आणि यंत्रानं त्या प्रत्येक अक्षराची टक्क्याची चिन्हं आणि आकडे करून टाकले होते. कोणतं गाणं कुणाचं, काही म्हणून कळेना.

लग्नाला सहा दिवस होते.

"ऐकावं लागेल," मी शितलला म्हणाले. "एकेक करून."

"समदी?"

"सापडेपर्यंत."

ती रोज सकाळी यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं जायची. हळदीच्या आधी मुलीनं उन्हात फिरू नये म्हणून तिच्या आईनं कटकट केली, तर म्हणाली, काळी झाली तर झाली. आम्ही आतल्या खोलीत बसायचो. कूलर बंद, कारण त्याच्या घरघरीत आवाज बुडायचा. अंगावरून घामाच्या धारा. मी ऐकायचे, नाव सांगायचे, ती वहीत आकडा आणि नाव मांडायची.

"ही नानीबाई. साखऱ्याच्या तांड्यावरची. दात नव्हते, पण ताल बघ."

"ही धर्मसिंगची आई. मधे कुत्रं भुंकतंय ना? तेच. मला दोनदा चावलं होतं."

"ही कमलबाई. हिची सातवी खेप, पोरगं आडवं होतं. गात होती म्हणून मी घाबरले नाही."

शितल लिहिता लिहिता थांबायची. "ह्यातल्या कोन जित्या हायेत, सिस्टर आजी?"

"लिही तू."

तिसऱ्या दिवशी दुपारी, एकशे सत्तेचाळिसाव्या गाण्याला, आधी कुटुंबनियोजनाच्या जाहिरातीची शेपटी वाजली आणि मग बांगड्यांचा तो भरगच्च आवाज आला. खांद्यापर्यंत बांगड्या घालणारी तेवढी एकच माझ्याकडं गायली होती. "याडी," असं म्हणत जिवनबाईनं आईला हाक मारली आणि सूर धरला.

शितलनं पेन खाली ठेवलं.

ढावलो अर्ध्यावर येतो, लेक ओढ्यापाशी मागं वळून बघते, तिथं जिवनबाई थांबते. गाणं तुटतं. सोळा सेकंद काही नाही. लांबवर एक कोंबडी, आणि श्वास. मग बांगड्या हलतात आणि ती पुढचं उचलते.

ते सोळा सेकंद मला पाठ आहेत. हे गाणं भरलं त्याच्या आदल्या वर्षी जिवनबाईची मोठी लेक, मिना, सासरी पहिल्या बाळंतपणात गेली होती. मी जीप घेऊन पोचले तेव्हा उशीर झाला होता. लग्नात मिनानं आईकडून शिकलेला हाच ढावलो तिच्याच गळ्यात पडून गायला होता. त्या दिवशी टेप चालू असताना जिवनबाई थांबली, मी बटणाकडं हात नेला, आणि तिनं माझा हात दाबून धरला. बंद करू दिलं नाही.

शितलच्या जन्माआधीच्या या गोष्टी. तिला आत्याचं नाव माहीत आहे, एवढंच.

तिनं गाणं वीसेक वेळा ऐकलं. वहीत तिनं मधेच एक ओळ मोकळी सोडलेली मी पाहिली. "हितं थांबायचं असतंय ना?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "हो. तिथं थांबायचं."

लग्नाच्या आदल्या सकाळी मी साइट उघडली. गाण्यांची साधी यादी, ऐकून झालेल्या आकड्यांपुढं नावं, शितलनं टंकलेली. रंग नाही, चित्र नाही. सगळी गाणी दोन पेनड्राइव्हवर उतरवलेली, एक माझ्याकडं, एक देविदासच्या ट्रंकेत. कोपऱ्यात लाल गोल होताच. 'कृपया अद्ययावत करा.' आता ते बटण मी दाबते, पण माझ्या सवडीनं, एका वेळी एकच. त्या दिवशी दाबलं नाही. साडीला इस्त्री करायची होती.

पाठवणीच्या वेळी शितल उठली आणि देविदासला म्हणाली, "बापू, डीजे बंद करा." डीजेवाला कुरकुरला. देविदासनं स्वतः जाऊन वायर उपटली.

ती आईच्या गळ्यात पडली आणि तिनं सूर धरला. तो जिवनबाईचा नव्हता, थोडा कच्चा होता, पण चाल तीच. खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्या एकेक करून पुढं सरकल्या. बाभळ आली, म्हैस आली, ओढा आला. आणि शितल थांबली.

मांडव गप्प झाला. माझ्या मागं एक बाई कुजबुजली, "इसरली वाटतं पोरगी." दुसरी म्हणाली, "सांगा की कुनी पुढचं."

देविदास मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि टोपी काढून हातात धरली.

मी मनात मोजत होते. चौदा, पंधरा, सोळा.

शितलच्या बांगड्या हलल्या.