तिसऱ्या हाताला श्वास

लाइफ जॅकेट घालून जेवायला बसलेला माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. माझ्या जावयानं तेही दाखवलं. समुद्रात उतरायला अजून दोन तास होते आणि हा तो नारिंगी फुगा छातीवर आवळून बाकावर ऐसपैस बसला होता.

"सवय करतोय, आई," म्हणाला.

मी लेकीकडे पाहिलं. तिनं घाईघाईनं मेनूकार्डात तोंड खुपसलं. आठ वर्षांची नात मात्र बापाकडे बघत होती. थोड्या वेळानं तिनंही आपलं छोटं जॅकेट मागितलं आणि अंगात चढवलं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

हॉटेल म्हणजे चार खांब, वर झावळ्या, खाली वाळू. दारात पाटी होती, 'चपला काढा, आरामात बसा.' आरामात बसायलाही लोकांना पाटी लागते! भाजलेला मासा, तळलेले बटाटे आणि अननसाच्या फोडी आल्या. जावईबापूंनी आधी ताटाचे सात फोटो काढले. मग एकदा जी सुरुवात केली ती माझ्या वाटचे बटाटे संपवूनच थांबले.

"पाण्यात उतरायच्या आधी पोट रिकामं ठेवावं," मी म्हणाले.

"आपण काय शर्यतीला चाललोय का, आई?"

"नाही हो. उलट तुम्हाला आता जॅकेटचीही गरज नाही. तसेच तरंगाल."

तो मनापासून हसला. अपमान झालेला कळायलासुद्धा थोडी अक्कल लागते.

मी बत्तीस वर्षं पालिकेच्या तलावावर पोहायला शिकवलं. तिसऱ्या हाताला श्वास, हा माझा मंत्र. दोन हात मारायचे, तिसऱ्याला मान बाजूला वळवून श्वास घ्यायचा. माझी शिट्टी वाजली की काठावरची मोठी माणसंही सरळ उभी राहत. दहातली चार पोरं दुसऱ्या दिवशी यायचीच नाहीत. ती पाण्याची नव्हेतच, असं म्हणून मी त्यांचा विषय संपवायची.

नात त्या चारांतली निघाली हे माझं दुखणं. गेल्या वर्षी तलावावर पहिल्याच दिवशी नाकात पाणी गेलं आणि ती रडायला लागली. "एवढंही जमत नाही? माझी नात आहे म्हणून सांगू नकोस कुणाला!" मी सगळ्यांदेखत ओरडले. त्यानंतर पोरगी पाण्यात उतरली नाही. न्हाताना डोक्यावरून तांब्या घ्यायलाही रडायची. आज तिला माझ्या हातानं पाण्यात न्यायचं, एवढ्यासाठीच मी या बेटावर आले होते. नाहीतर मासे बघायला घराजवळ बाजार आहे.

गाईड किनाऱ्यावर सगळ्यांना नळीतून श्वास घेत पाण्याखालचे मासे कसे बघायचे ते शिकवत होता. "नळी दातांत धरा. तोंड पाण्यातच ठेवा, तोंडानं हळूहळू श्वास घ्या. हातपाय मारू नका, नुसते पडून राहा."

पडून राहायला शिकवतो आणि वर पैसे घेतो!

"तुम्हीपण जॅकेट घाला," तो मला म्हणाला. "ज्यांना चांगलं पोहता येतं ना, त्यांनाच हे नळीचं तंत्र पहिल्यांदा जड जातं."

"तुझ्या जन्माच्या आधीपासून पाण्यात आहे मी."

जॅकेट मी खांबाच्या खिळ्याला अडकवलं आणि नातीपुढे हात केला. "चल. मी आहे ना."

ती बापाच्या मागे सरकली. "आधी तू करून दाखव."

"दाखवते की!"

छातीइतक्या पाण्यात गेले, मास्क चढवला, नळी दातांत धरली आणि निघाले. एक हात, दुसरा हात, आणि तिसऱ्याला मान वळली. मी वळवली नाही, आपोआप वळली. नळीचं टोक पाण्यात बुडालं आणि घशात खारट पाणी घुसलं. उभी राहिले, खोकले, पुन्हा निघाले. पुन्हा तिसऱ्या हाताला तेच. बत्तीस वर्षांची सवय, ती काय आता माझं ऐकते? तिसऱ्या वेळी नाकातोंडात पाणी गेलं, मास्क ओरबाडून काढला आणि गाईडनं दंडाला धरलं तेव्हा कुठे पाय वाळूला टेकले.

खोकला थांबल्यावर दिसलं, ते बटाट्यांचं पोतं पाण्यावर पालथं पडून मजेत तरंगत होतं. त्याच्या जॅकेटचा पट्टा मुठीत धरून शेजारी नात होती. तोंड पाण्यात, नळी सरळ वर. मी खोकत असताना ती कधी उतरली, मला कळलंही नाही.

तिनं डोकं वर काढलं. "आजी, किती मासे आहेत खाली! बाबापण घाबरतो, म्हणून मी त्याला धरलंय." मग माझ्याकडे नीट पाहिलं. "तू रडतेयस?"

"नाकात पाणी गेलं."

"पहिल्या दिवशी जातं," ती समजुतीनं म्हणाली. "तू बाबाकडून शिक ना. तो ओरडत नाही."

काठावर लेक उभी होती. तिनं ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवलं. माझ्या तलावावरची ती पोरं दुसऱ्या दिवशी का येत नसत, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी छातीइतक्या पाण्यात उभं राहून कळलं. मलाही तसंच कुणाकडे न बघता घरी निघून जावंसं वाटत होतं.

"आई, या बाजूलापण पट्टा आहे," जावई म्हणाला.

धरला. न धरून जाते कुठे?